कोरड्या सखल भागातील बांबू : आधी जागा ओळखावी, मग जात निवडावी

रोपवाटिकेत सगळ्याच जातींची रोपे सारखीच हिरवी आणि तजेलदार दिसतात. त्यांच्यातला फरक कळतो तो लागवडीनंतरच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या उन्हाळ्यात, आणि तोपर्यंत खड्डे, खत आणि मजुरी यांवरचा खर्च होऊन गेलेला असतो. म्हणून 'सर्वांत चांगली जात कोणती' हा प्रश्न थोडा बाजूला ठेवून, आपल्या जागेत पावसाळा संपल्यावर ओल किती दिवस टिकते आणि पावसाळ्यात जादा पाणी किती वेळात निघून जाते, या दोन प्रश्नांची उत्तरे आधी मिळवावीत. ती मिळाली की निवड दोन-तीन जातींवर येऊन ठेपते.

येथे कोरडा सखल प्रदेश म्हणताना वर्षाला साधारण ७०० ते १,१०० मिलिमीटर पाऊस पडणारा, तो बहुतेक तीन-चार महिन्यांतच पडून जाणारा, उरलेल्या काळात सहा ते आठ महिने जवळजवळ कोरडा राहणारा आणि उन्हाळ्यात ४० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्यावर तापणारा प्रदेश गृहीत धरला आहे. ७०० मिलिमीटरहून कमी पाऊस असेल आणि सिंचनाची सोय नसेल, तर शेतभर बांबू लावण्याचा विचार सोडून द्यावा. ओढ्याकाठी किंवा तळ्याच्या भरावाखाली पाझर येतो अशा पट्टीपुरताच तो करावा.

पावसाचा आकडा अपुरा का पडतो

बांबू हे गवत आहे आणि त्याची वाढ झाडासारखी होत नाही, हे नीट समजून घेतले तर जागेची पारख सोपी होते. जमिनीखालच्या कंदावरील डोळ्यांतून पावसाळ्यात कोंब फुटतो, तो दोन ते चार महिन्यांत आपली पूर्ण उंची गाठतो आणि त्यानंतर त्या काठीची जाडी किंवा उंची कधीच वाढत नाही. पुढची दोन-तीन वर्षे ती फक्त पक्व होत जाते. एवढ्या वेगाने वाढणाऱ्या कोंबाला लागणारे अन्न त्याने स्वतः तयार केलेले नसते. मागच्या हंगामात जुन्या काठ्यांच्या पानांनी तयार करून कंदात आणि काठ्यांत साठवलेल्या अन्नावर तो वाढतो. त्यामुळे यंदाचे कोंब किती आणि केवढ्या जाडीचे निघतील, हे केवळ यंदाच्या पावसावर ठरत नाही. गेल्या वर्षी पाऊस थांबल्यानंतर पाने किती आठवडे हिरवी राहिली, यावरही ते ठरते.

दुसरी गोष्ट मुळांची. बांबूला सोटमूळ नसते. तंतुमुळांचे दाट जाळे असते आणि त्यातील बहुतेक मुळे वरच्या अर्ध्या ते पाऊण मीटर मातीत पसरलेली असतात. दहा मीटर खोलीवरचे भूजल बांबूच्या काहीच उपयोगाचे नाही, पण वरच्या पाऊण मीटरमध्ये धरून ठेवलेले पाणी मात्र त्याला पुरेपूर वापरता येते. म्हणूनच ९०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या एकाच गावात, दोनशे पावलांच्या अंतरावर, एका जागी बोटाएवढ्या काठ्या निघतात आणि दुसऱ्या जागी मनगटाएवढ्या. पाऊस दोन्हीकडे तोच असतो. फरक मातीच्या थराचा, उताराचा आणि वरून वाहून येणाऱ्या पाण्याचा असतो.

जास्त पाणी असले की बांबू चांगला येतो, हा समजही तितकाच घातक आहे. मुळांना आणि कंदाला हवा लागते. पाणी साचून राहिले की कंद कुजतो, आणि कोरड्या प्रदेशात तग धरणाऱ्या बहुतेक जातींना पाणथळ जमीन अजिबात चालत नाही. कोरड्या भागातही पावसाळ्यात दहा-पंधरा दिवस तुंबणारे खोलगट तुकडे असतात, हे उन्हाळ्यात जमीन पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

जमीन पायाखालून घालणे

जागेची पाहणी दोनदा करावी : एकदा भर पावसात, मोठी सर पडून गेल्यावर दोन-तीन तासांनी आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी, आणि एकदा कोरड्या हंगामाच्या शेवटी. पहिल्या फेरीत पाणी कुठून येते, कुठे थांबते आणि कुठून निघून जाते हे पाहून खुंट्या ठोकाव्यात. दुसऱ्या फेरीत कोणत्या भागात गवत सर्वांत शेवटी वाळले, कुठे भेगा पडल्या आणि कुठे जमिनीवर पांढरा थर आला, हे त्याच खुंट्यांच्या संदर्भाने नोंदवावे. या दोन नोंदी एकाच कागदावरच्या कच्च्या नकाशात मांडल्या, की शेताचे तीन-चार वेगळे तुकडे आपोआप दिसू लागतात.

त्यानंतर प्रत्येक तुकड्यात निदान एक खड्डा ६० सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल असा खणावा. खणताना माती एका बाजूला ढीग करून न टाकता, ज्या क्रमाने निघाली त्याच क्रमाने ओळीत मांडावी; म्हणजे वरचा थर किती, त्याखाली मुरूम कुठे सुरू होतो आणि कातळ लागतो का, हे एका नजरेत समजते. कुजलेला किंवा फुटीर मुरूम लागला तर हरकत नाही, कारण मुळे त्याच्या फटींत शिरतात. पहार आपटल्यावर खणखणणारा सलग कातळ ३० सेंटिमीटरच्या आत लागला, तर तो तुकडा वगळावा. तळाची माती राखाडी किंवा निळसर असेल आणि तिच्यात गंजासारखे तांबूस ठिपके दिसत असतील, तर तेथे दरवर्षी काही काळ पाणी साचते असे समजावे, मग पाहणीच्या दिवशी ती माती कितीही कोरडी असो.

मातीचा पोत हातानेच कळतो. मूठभर माती भिजवून मळावी आणि अंगठा व तर्जनी यांच्यात दाबत तिची पट्टी बाहेर काढावी. पट्टी अडीच सेंटिमीटर होण्याआधीच तुटली तर माती हलकी किंवा मध्यम आहे. अडीच ते पाच सेंटिमीटरपर्यंत टिकली तर ती चिकणाईकडे झुकणारी मध्यम-भारी आहे. आणि पाच सेंटिमीटरच्या पुढे लोंबू लागली तर ती भारी चिकणमाती आहे. पट्टी निघतच नसेल आणि बोटांना नुसती कणी लागत असेल, तर ती रेताड किंवा मुरमाड जमीन.

मग त्याच खड्ड्यात पाण्याची परीक्षा घ्यावी. खड्डा काठोकाठ भरून पाणी जिरू द्यावे, नंतर पुन्हा भरावा आणि या दुसऱ्या भरण्यापासून वेळ मोजावी. पहिल्या भरण्याचा हिशेब धरू नये, कारण उन्हाळ्यात भेगाळलेली भारी जमीनसुद्धा पहिले पाणी घटाघटा पिते आणि निचरा उत्तम असल्याचा खोटा भरवसा देते. एकदा भेगा फुगून मिटल्या की तिचा खरा स्वभाव दिसतो. दुसरे पाणी तासाभरात नाहीसे झाले, तर जमीन पाणी धरत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत खड्डा रिकामा झाला, तर ती बांबूला मानवणारी आहे. चोवीस तासांनंतरही तळाशी पाणी दिसत असेल, तर तेथे कोरडवाहू जाती लावू नयेत.

चुनखडीचे खडे असतील तर मातीवर व्हिनेगरचे किंवा सौम्य आम्लाचे थेंब टाकून पाहावे. जोरात फेस आला तर चुन्याचे प्रमाण जास्त आहे. साडेपाच ते साडेसात सामू (मातीची आम्लता दाखवणारा पीएच) बहुतेक जातींना मानवतो. खारवट आणि चोपण (क्षारांमुळे घट्ट बसलेल्या) जमिनीत मात्र कोणतीही खटपट करू नये. उन्हाळ्यात पांढरी पुटे येणाऱ्या जागी बांबू रुजला तरी पानांची टोके करपत जातात आणि बेट कधीच भरत नाही.

या परीक्षांचे महत्त्व मला स्वतःच्या चुकीतून कळले. एका शेतात खालच्या अंगाला काळ्या मातीचा सपाट तुकडा होता, पाऊस संपल्यावरही बराच काळ ओलसर राहणारा, आणि साहजिकच मला तो सर्वांत चांगला वाटला. मी तेथे मानवेल ही कोरड्या उतारांवर वाढणारी बांबूची जात लावली आणि उरलेली थोडी रोपे केवळ वाया जाऊ नयेत म्हणून वरच्या मुरमाड बांधालगत खोचून दिली. पहिले वर्ष सगळे छान चालले. दुसऱ्या पावसाळ्यात खालच्या तुकड्यात आठवडाभर पाणी उभे राहिले, पाने पिवळी पडली, आणि एक रोप उपटून पाहिले तर कंद बोटाने दाबला जात होता आणि त्याला आंबूस वास येत होता. बांधालगतची रोपे मात्र ठेंगणी का होईना, पण जिवंत आणि टणक होती.

बरड माळ आणि मुरमाड उतार

ही कोरड्या सखल भागातील सर्वांत मोठी आणि सर्वांत दुर्लक्षित जागा. मातीचा थर उथळ, निचरा भरपूर, ओल कमी. दक्षिण आशियात अशा जागेसाठी मानवेल, म्हणजे डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस, हीच पहिली निवड ठरते. ती मुळात पानझडी जंगलांतली, सागाच्या सोबतीने टेकड्यांच्या उतारांवर वाढणारी जात आहे. साधारण ७५० मिलिमीटर पावसावर ती तग धरते आणि कडक उन्हाळ्यात पाने गाळून पाण्याचा खर्च कमी करते. नवख्या लागवडदाराला एप्रिल-मेमध्ये ती मेली असे वाटते. काठीचा साल नखाने खरवडून पाहिला आणि आत हिरवे दिसले, तर घाबरण्याचे कारण नाही.

मानवेलीचा एक गुण कोरड्या जागेतच खुलतो. ओलसर, सुपीक जमिनीत तिच्या काठ्या उंच पण पोकळ निघतात, तर कोरड्या उतारावर त्या आखूड, पण भरीव किंवा जवळजवळ भरीव निघतात. अशी काठी आडवी कापली तर मध्ये पेन्सिल शिरेल एवढेही भोक नसते, आणि हातात घेतल्यावर तिचे वजन अनपेक्षित वाटते. दांडे, लाठ्या, टेकू, तंबूचे खांब यांसाठी हीच काठी हवी असते. तिची उंची साधारण ८ ते १६ मीटर आणि जाडी अडीच ते आठ सेंटिमीटर असते. बरड माळावर यांतील खालचे आकडेच गृहीत धरावेत. रुंद पट्ट्या काढून विणकाम करायचे असेल, तर मात्र ही भरीव काठी उपयोगाची नाही.

आफ्रिकेत हीच जागा ऑक्सिटेनँथेरा अ‍ॅबिसिनिका ही जात भरून काढते. सेनेगलपासून इथिओपियापर्यंत आणि दक्षिणेकडे अंगोला-मोझांबिकपर्यंतच्या सॅव्हानात ती नैसर्गिकपणे आढळते, तिच्याही काठ्या भरीव किंवा जवळजवळ भरीव असतात, आणि खडकाळ, हलक्या, निचऱ्याच्या जमिनीवर ती टिकते. इथिओपियात हिला सखल भागातला बांबू म्हणतात, आणि उंच डोंगरांवर थंड, ओलसर हवेत वाढणारी पोकळ काठीची जात वेगळी आहे. या दोहोंची गल्लत होऊ देऊ नये. डोंगरावरची जात सपाटीच्या उन्हात तग धरत नाही. जेथे एखादी कोरडवाहू जात मूळचीच आहे, तेथे बाहेरून दुसरी आणण्याआधी तीच लावून पाहावी, असे माझे मत आहे. तिच्या बिया आणि कंद जवळ मिळतात आणि तेथील उन्हाळा तिने आधीच सोसलेला असतो.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. भरीव काठी म्हणजे काटक जात, असे समीकरण अनेकजण मनाशी धरतात, आणि ते चुकीचे आहे. माणगा ही कोकण-गोव्याच्या दमट किनारपट्टीची जात जवळजवळ भरीव, बिनकाट्यांची आणि सरळ काठीची असून बागायती बांधावर ती उत्तम येते; पण तिच्या मूळ प्रदेशात पाऊस मुबलक असतो, आणि पाण्याविना बरड माळावर तिच्याकडून मानवेलीची अपेक्षा करणे चूक आहे.

मध्यम खोलीची जमीन

मातीचा थर ६० सेंटिमीटर ते एक मीटर, पोत मध्यम, उतार सौम्य आणि पाऊस हजाराच्या आसपास असेल, तर निवडीला वाव मिळतो. मानवेल येथेही येईल आणि जास्त उंच होईल, पण तिच्यापेक्षा सुबक काठी हवी असेल तर थायरसोस्टॅकिस सियामेन्सिसचा विचार करावा. म्यानमार आणि थायलंडच्या, दीर्घ कोरडा हंगाम असणाऱ्या भागांतील ही जात ८ ते १३ मीटर उंच, बारीक, सरळ काठ्यांची आणि अतिशय दाट बेटाची असते. काठीवरची आवरणे लवकर गळून न पडता चिकटून राहतात, हीच तिची ओळखण्याची खूण. बेट पसरत नाही, काटे नसतात, आणि त्यामुळे शेताच्या कडेला वाऱ्याच्या आडोशासाठी ती विशेष सोयीची पडते.

बाल्कोआ ही मोठ्या, जाड भिंतीच्या काठीची जात बांधकामासाठी फार मागितली जाते, आणि तिला कोरड्या भागातही यश येते असे सांगून ती सरसकट लावली जाते. खोल, मध्यम पोताची जमीन आणि पहिली तीन-चार वर्षे उन्हाळ्यात पाणी देण्याची खात्री असेल, तरच तिच्या वाटेला जावे. पाणी नसेल तर ती मरणार नाही कदाचित, पण ज्या जाडीसाठी ती लावली ती जाडी मिळणार नाही, आणि मग मानवेल लावली असती तर काय बिघडले असते, असे म्हणण्याची वेळ येते.

ओढ्याकाठ, गाळपट्टी आणि काळी जमीन

ओढ्याच्या काठावर खोल पोयटा असतो, पाझर उशिरापर्यंत टिकतो आणि पूर आला तरी तासाभरात ओसरतो. कटांग, म्हणजे बांबुसा बांबोस, येथे शोभते. पंधरा ते तीस मीटर उंचीचे तिचे बेट काठाची माती घट्ट धरून ठेवते. पण तिच्या खालच्या फांद्या वाकड्या काट्यांनी अशा गुंततात, की तोडणीच्या वेळी बेटाच्या पोटात शिरणे म्हणजे अंगावर ओरखडे घेणेच होय. दरवर्षी खालच्या दोन-अडीच मीटरपर्यंतच्या फांद्या छाटण्याची तयारी नसेल तर ती लावू नये. कुंपण म्हणून मात्र तिच्या काट्यांनाच किंमत आहे.

बांबुसा व्हल्गॅरिस ही जगभर उष्ण प्रदेशांत पसरलेली जात थोडा वेळ साचलेले पाणी इतरांपेक्षा बरे सोसते आणि काठीच्या तुकड्यांपासून सहज रुजते. तिची उणीव अशी की तिच्या काठीत स्टार्च भरपूर असल्याने तोडल्यावर भुंगेरे लवकर लागतात. न मुरवता बांधकामात वापरली तर थोड्याच महिन्यांत खाली पिवळे पीठ पडू लागते.

भेगाळणारी काळी सपाट जमीन हा सर्वांत कठीण तुकडा. उन्हाळ्यात तिच्या भेगा मुळे तोडतात आणि पावसाळ्यात तीच जमीन चिबड होते. येथे लावायचेच असेल तर अर्धा मीटर उंचीचे आणि निदान दीड मीटर रुंदीचे वरंबे करून, मधल्या चरांना उतार देऊन, पाणी बाहेर काढल्यावरच लावावे. एवढा खर्च परवडत नसेल तर हा तुकडा गवताला सोडून द्यावा.

डेंड्रोकॅलॅमस अ‍ॅस्पर, डेंड्रोकॅलॅमस जायगँटियस आणि दक्षिण अमेरिकेतील ग्वाडुआ अँगुस्टिफोलिया या दांडग्या जातींची छायाचित्रे पाहून मोह होतो, पण त्या ओलसर हवेच्या आणि भरपूर पावसाच्या जाती आहेत. कोरडवाहू जमिनीत त्या आणू नयेत. फिलोस्टॅकिससारख्या थंड प्रदेशातील धावत्या कंदाच्या जातींचाही येथे विचार नको.

एकाच शेतात अनेक जागा

समजा दोन हेक्टरचे एक उतरते शेत आहे. वरच्या अर्ध्या हेक्टरात वीत-दीड वीत माती आणि खाली फुटीर मुरूम, मधल्या एका हेक्टरात ७० सेंटिमीटर मध्यम माती, आणि खालच्या अर्ध्या हेक्टरात ओढ्यालगतचा पोयटा व त्याच्याच एका कोपऱ्यात पाणी साचणारा खळगा. येथे वरती समपातळी चर खणून चराच्या खालच्या बाजूला ४ × ४ मीटरवर मानवेल लावावी. साधारण ३१० रोपे बसतील. मध्ये ५ × ५ मीटरवर ४०० रोपे बसतात, त्यांपैकी निम्मी मानवेल आणि निम्मी सियामेन्सिस ठेवली तर पुढे तुलना करता येते. खाली ६ × ६ मीटरवर कटांग किंवा पाण्याची सोय असल्यास बाल्कोआ, आणि खळग्याचा कोपरा मोकळा. सबंध शेत एकाच जातीने भरण्यापेक्षा ही मांडणी करायला एक दिवस जास्त लागतो, एवढेच.

उताराची दिशाही पाहावी. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे आणि पश्चिमेकडे तोंड असलेले उतार दुपारच्या उन्हाने जास्त तापतात आणि ओल लवकर गमावतात; दक्षिण गोलार्धात दक्षिणेऐवजी उत्तर बाजू तापते. दोन प्रकारांच्या सीमेवरचा तुकडा अशा उतारावर असेल तर तो एक पायरी कोरडा धरूनच जात निवडावी.

बी की कंद, आणि बेटाचे वय

जात ठरल्यावर रोप कशापासून तयार झाले, हे विचारलेच पाहिजे. मानवेल आणि कटांग यांच्यात दीर्घ काळानंतर सामूहिक फुलोरा येतो, बी धरते आणि बेट मरते. मानवेलीत हा काळ बहुधा २५ ते ४५ वर्षांचा असतो. कंदापासून किंवा काठीच्या तुकड्यापासून केलेले रोप आईबेटाचेच वय घेऊन येते. चाळिशीतल्या बेटाचा कंद आणून लावला तर दिसायला रोप नवे, पण फुलोऱ्याचे घड्याळ जुनेच. ताज्या बियांपासून केलेल्या रोपाला पूर्ण आयुष्य मिळते, म्हणून मानवेलीसाठी मी बियांच्या रोपांना प्राधान्य देतो. बी गव्हाच्या दाण्यासारखे दिसते आणि साध्या साठवणीत त्याची उगवण झपाट्याने कमी होते; त्यामुळे ते कोणत्या वर्षीच्या फुलोऱ्याचे आहे हे विचारावे आणि शक्यतो त्याच हंगामात पेरावे. एकाच फुलोऱ्यातील बियांची सगळी रोपे पुढे बहुधा एकाच सुमारास फुलतील, म्हणून दोन वेगळ्या ठिकाणचे किंवा वेगळ्या वर्षांचे बी मिळाले तर दोन्ही मिसळून लावावे.

बाल्कोआ आणि व्हल्गॅरिस यांचे बी व्यवहारात मिळत नाही. त्यांची रोपे फांदीच्या किंवा काठीच्या तुकड्यांपासून, अथवा ऊतिसंवर्धनाने (टिश्यू कल्चरने) केलेली असतात. मानवेलीच्या काठीच्या तुकड्यांना मात्र इतकी हमखास मुळे फुटत नाहीत.

लागवड आणि पहिली दोन वर्षे

खड्डे उन्हाळ्यातच खणून तापू द्यावेत, वरची माती आणि कुजलेले शेणखत मिसळून भरावेत, आणि जमीन चांगली भिजवणाऱ्या पावसानंतर, वाफसा येताच, लावणी उरकावी. पावसाच्या मध्यावर केलेली लावणी कोरड्या भागात फसते, कारण मुळे पसरायला उरलेले आठवडे पुरत नाहीत. उतारावर प्रत्येक रोपाच्या खालच्या बाजूला अर्धचंद्राकृती बांध घालावा, म्हणजे वरून येणारे पाणी आळ्यात थांबेल. भारी जमिनीत उलट, रोप किंचित उंचवट्यावर ठेवावे. आळ्यात गवत किंवा पालापाचोळा जाडसर पसरावा, पण तो खोडाला टेकू देऊ नये, नाहीतर वाळवीला आयतीच वाट मिळते.

पहिल्या दोन कोरड्या हंगामांत आठवड्या-दहा दिवसांनी प्रत्येक रोपाला १५ ते २० लिटर पाणी द्यावे. रोज थोडे शिंपडल्याने ओल वरच राहते आणि मुळेही वरच राहतात. शेळ्या आणि गुरे कोवळे कोंब सोडत नाहीत, तेव्हा कुंपण किंवा राखण हवीच, आणि उन्हाळ्यात वणव्यापासून बचावासाठी शेताभोवती तीन मीटरची पट्टी गवत काढून साफ ठेवावी. सुरुवातीची तीन वर्षे बेटातून काडीएवढ्याच काठ्या निघतात. त्या तोडून टाकू नयेत, कारण त्यांच्याच पानांवर पुढचे जाड कोंब पोसले जाणार असतात.

दुसरा उन्हाळा संपताच मेलेल्या रोपांची जागा कच्च्या नकाशावर फुलीने दाखवावी. फुल्या विखुरलेल्या असतील तर ती नेहमीची मरतूक आहे आणि त्याच जातीच्या रोपांनी नांगी, म्हणजे रिकामी झालेली जागा, भरावी. फुल्या एका पट्ट्यात किंवा एका कोपऱ्यात गोळा झाल्या असतील, तर तेथे पुन्हा तेच रोप लावू नये. मधोमध एक खड्डा खणून माती आणि पाणी पुन्हा पाहावे, आणि कंद कुजलेला असेल तर निचरा करावा किंवा तुकडा सोडावा, कंद वाळून लाकडासारखा झाला असेल तर एक पायरी काटक जात घ्यावी.